वॉटसन हॉटेल : ‘जगातील पहिली’ या बिरुदाची चिकित्सा

१. प्रस्तावना

पोलादी संरचना हा विषय शिकवताना मी पहिला तास इतिहासाला देतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा इतिहास बहुधा शिकागोपासून सुरू होतो. १८८५ सालची होम इन्शुरन्स बिल्डिंग, तिचा दहा मजली धातूचा सांगाडा आणि मग एकदम आजचे गगनचुंबी मनोरे. काही वर्षांपासून मी शिकागोच्या आधी मुंबईतल्या एका इमारतीचे छायाचित्र पडद्यावर दाखवू लागलो. काळा घोड्याजवळची ही पडकी इमारत म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, आजची एस्प्लनेड मॅन्शन. छायाचित्राखाली मी मोठ्या उत्साहाने लिहीत असे : “शिकागोच्या आधीची, बहुधा जगातील पहिली.”

एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ही पहिली आहे म्हणून वाचवायची का? उद्या दुसरी एखादी हिच्या आधीची सापडली, तर ही पाडायला मोकळे?”

त्या दिवशी मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आजचे टिपण त्याच प्रश्नाचे उत्तर आहे. जुन्या व्यापारी इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व नेमके कशात असते, ते कोणत्या मापाने मोजायचे आणि माप चुकले तर निर्णय कसा चुकतो, हे आपण या एका उदाहरणावरून तपासू.

२. इमारत उभी राहिली ती परिस्थिती

इमारत समजून घेताना आधी विचारावे : पैसा कोणाचा, जमीन कशी मिळाली, आणि घाई कशाची होती?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव चढले आणि शहरात पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याचा तट पाडण्यात आला. मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या जमिनीचे भूखंड लिलावात निघाले. त्यांतला एक १८६४ साली जॉन हडसन वॉटसन या कापड-व्यापाऱ्याने घेतला. पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळला आणि शहरातले अनेक धनिक धुळीला मिळाले. वॉटसनची योजना मात्र टिकली.

हॉटेलची उभारणी १८६७ मध्ये सुरू झाली आणि १८७१ मध्ये ते पाहुण्यांसाठी उघडले. या चार वर्षांत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या प्रवाशाला मुंबई एकदम जवळ आली. दुसरी गोष्ट आपल्या गावची आहे. ७ मार्च १८७० रोजी मुंबईहून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे यांची जोडणी आपल्या जबलपुरात झाली. मुंबई ते कलकत्ता हा प्रवास सलग रेल्वेने होऊ लागला. बोटीतून उतरायचे, दोन रात्री मुंबईत काढायच्या आणि गाडीने पुढे निघायचे, असा नवा प्रवासी-वर्ग तयार झाला. त्याला मुक्कामाला जागा हवी होती. जबलपूर स्थानकावर गाडीची वाट पाहताना आपण कधी लक्षात घेत नाही, पण आपल्या फलाटाचे आणि मुंबईतल्या त्या हॉटेलचे गिऱ्हाईक एकच होते.

म्हणजे ही इमारत एखाद्या राजाची हौस नव्हती, सरकारचे वैभवही नव्हते. ती गुंतवणूक होती, आणि गुंतवणूकदाराला भाडे लवकर सुरू व्हायला हवे असते. ‘सांगाडा लोखंडाचाच का?’ याचे अर्धे उत्तर इथे आहे.

३. सांगाड्याचे वाचन

या हॉटेलची रचना रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्य अभियंत्याची. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या आराखड्यांवर त्याने काम केले होते. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचे प्रचंड छत आणि थेम्सवरचा अल्बर्ट पूल यांच्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. लोखंडी भाग इंग्लंडमधील डर्बी येथील फिनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजाने मुंबईला आले आणि इथे जोडले गेले. आज आपण ज्याला पूर्वनिर्मित बांधकाम म्हणतो, तेच हे.

इमारत पाच मजली, १३० खोल्यांची. मधोमध काचेच्या छताचा चौक आणि बाहेर प्रत्येक मजल्याला रुंद सज्जे. तिच्याकडे शैलीच्या नजरेने पाहिले तर नक्षी फारशी हाती लागत नाही. भार कसा उतरतो या नजरेने पाहिले, तर मात्र ती उघड्या पुस्तकासारखी आहे.

पारंपरिक वाड्यात किंवा दगडी इमारतीत भिंत दोन कामे करते : आडोसा देते आणि भार वाहते. मजले वाढले की खालची भिंत जाड करावी लागते आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. म्हणजे सर्वांत जास्त भाडे देणाऱ्या तळमजल्यावरच जागा आणि उजेड कमी. वॉटसनच्या हॉटेलात ही दोन कामे वेगळी झाली. भार खांब-तुळयांचा सांगाडा वाहतो, आणि विटांची भिंत सांगाड्याच्या चौकटीत केवळ भरलेली आहे. तिचे स्वतःचे वजनसुद्धा लोखंडावरच येते.

आता साहित्याकडे या. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबात बळकट आणि ताणात कमकुवत असते. त्याचे दाबातले बळ ताणातल्या बळाच्या साधारण पाच-सहा पट भरते. खांब मुख्यतः दाबात असतो, म्हणून बिडाचा खांब चालतो. तुळई वाकते आणि तिच्या खालच्या कडेला ताण येतो, म्हणून बिडाची तुळई धोक्याची. १८४७ साली इंग्लंडमधील चेस्टरजवळचा डी नदीवरचा रेल्वेपूल बिडाची तुळई तुटून कोसळला आणि पाच माणसे मेली. त्यानंतर वाकणाऱ्या भागांसाठी घडीव लोखंडाकडे अभियंत्यांचा कल झपाट्याने वाढला. एकोणिसाव्या शतकातली कोणतीही लोखंडी इमारत पाहताना पहिला प्रश्न हा विचारा : कोणता भाग बिडाचा, कोणता घडीव, आणि का?

४. ‘पहिली’ या शब्दाची तपासणी

आता बिरुदाकडे वळू. या इमारतीबद्दल अभ्यासकांनी मांडलेला दावा साधारण असा आहे : मनुष्यवस्तीसाठी बांधलेली, बहुमजली, जिच्या बाह्य भिंतींसह सर्व भार लोखंडी सांगाडा वाहतो अशी जगातील बहुधा सर्वांत जुनी इमारत. दावा पोकळ नाही. पण त्यातली विशेषणे मोजा आणि एकेक काढून पाहा.

‘बाह्य भिंतींचा भार’ ही अट काढली, तर मान इंग्लंडमधील श्रूजबरीच्या डिदरिंग्टन येथील तागाच्या गिरणीकडे जातो. ती १७९७ ची आहे. आत लोखंडी खांब आणि लोखंडी तुळया, बाहेर मात्र भार वाहणारी विटांची भिंत.

‘मनुष्यवस्ती’ ही अट काढली, तर १८६० मध्ये पूर्ण झालेले शीअरनेस येथील आरमाराचे नौकागार पुढे येते. गॉडफ्री ग्रीन या अभियंत्याची ही चार मजली इमारत पूर्ण लोखंडी सांगाड्याची आहे, आणि वाऱ्याचा आडवा भार ती खांब-तुळईच्या ताठ जोडांनी पेलते. संरचनेच्या दृष्टीने हे पाऊल फार मोठे होते. पण ती सरकारी गोदी असल्यामुळे कित्येक दशके कोणाचे तिच्याकडे लक्ष गेले नाही.

‘पोलाद’ आणि ‘दहा मजले’ या अटी घातल्या, तर मुकुट शिकागोला जातो.

म्हणजे ‘पहिली’ हा शब्द इमारतीबद्दल जितके सांगतो, तितकेच व्याख्या करणाऱ्याबद्दलही सांगतो. आपल्याला हवी ती इमारत पहिली येईपर्यंत विशेषणे वाढवत नेता येतात. मी स्वतः वर्गात हेच करत होतो. शिकागोऐवजी मुंबई पहिली आली याचा आनंद समजण्यासारखा आहे. पण आराखडा इंग्लंडचा, लोखंड डर्बीचे आणि अभियंता इंग्रज असताना तो राष्ट्राभिमानाचा विषय कसा होतो, हेही विचारायला हवे. सांगाडा उभारणाऱ्या मुंबईच्या कामगारांची नावे या कहाणीत कुठेच येत नाहीत, ही खरी सलणारी गोष्ट आहे.

५. शिकागोशी तुलना : शर्यत नको, फरक पाहा

पहिले कोण हे बाजूला ठेवून दोन्ही इमारती शेजारी ठेवल्या, तर जास्त शिकायला मिळते.

विल्यम ल बॅरन जेनी याने होम इन्शुरन्स बिल्डिंगची रचना केली ती विमा कंपनीसाठी. मालकाला हव्या होत्या भाड्याने जाणाऱ्या, भरपूर उजेडाच्या खोल्या. म्हणून भिंतीतले धीरे बारीक ठेवून त्यांच्या आत लोखंडी खांब घेतले. खालच्या मजल्यांना घडीव लोखंडाच्या तुळया आणि सहाव्या मजल्यापासून वर कार्नेगी-फिप्स कारखान्याचे पोलाद. तरीही काही भिंती आणि तळाचे दगडी धीरे भार वाहतच होते. म्हणजे पाठ्यपुस्तकातली ‘पहिली’ हीदेखील शुद्ध सांगाड्याची नाही.

दोन्हींत व्यापाराचे गणित सारखेच आहे : महाग जमीन, जास्त मजले, जास्त उजेड, लवकर भाडे. फरक आगीच्या अनुभवाचा आहे. ऑक्टोबर १८७१ च्या आगीत शिकागोचा मध्यभाग जळाला. उघडे लोखंड आगीत टिकत नाही, हा धडा त्या शहराने घेतला. तापलेल्या बिडावर बंबाचे पाणी पडले की ते तडकूही शकते. म्हणून शिकागोतील सांगाडे विटांच्या आणि भाजलेल्या मातीच्या आवरणात लपले. मुंबईत त्याच वर्षी उघडलेल्या हॉटेलाचे लोखंड मात्र दर्शनी भागावर उघडे राहिले. त्यामुळे आगीची जोखीम राहिली आणि समुद्राची खारी हवा थेट धातूला लागली. पण त्यामुळेच दीडशे वर्षांनंतरही विद्यार्थी रस्त्यावर उभा राहून तिची रचना वाचू शकतो.

शिकागोची इमारत १९३१ मध्ये पाडली, त्या जागी नवा उंच मनोरा उभारण्यासाठी. ती पाडताना तज्ज्ञांच्या समितीने तिचा सांगाडा उघडून तपासला आणि ‘पहिली गगनचुंबी’ या किताबाला पुष्टी दिली. म्हणजे किताब शवविच्छेदनाच्या वेळी पक्का झाला. तो मिळाला, इमारत गेली.

६. आठवणींचे मूल्य आणि त्याची मर्यादा

वॉटसन हॉटेलवरच्या बहुतेक लेखांत सांगाड्याला एक ओळ आणि किश्शांना पान मिळते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथे झाला, हे खरे आहे आणि महत्त्वाचेही. मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे उतरला होता. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा तर सर्वांना पाठ असते. तिला पक्का पुरावा नाही.

पण कथेमागचे वास्तव विसरू नका. हे हॉटेल युरोपीय पाहुण्यांसाठी चालत असे. भारतीयांच्या शहरात, भारतीय कापसाने आणलेल्या तेजीत घेतलेल्या जमिनीवर उभी असलेली ही इमारत भारतीयांना मात्र बाहेरूनच पाहायची होती. ल्युमिएंचा खेळही आठवड्याभरात नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेला, तेव्हाच सर्वसामान्य शहराच्या आवाक्यात आला. ‘वारसा’ म्हणताना हा भागही वारशातच मोजावा लागतो.

अशा आठवणी इमारतीला प्रेम मिळवून देतात, पण त्या एका दिवाणखान्याच्या आठवणी आहेत. फलक लावूनही त्या जपता येतात. सांगाडा फलकावर जपता येत नाही.

७. ऱ्हास आणि दोन मोजपट्ट्या

१९६० च्या दशकात हॉटेल बंद झाले. पुढे खोल्यांचे तुकडे होऊन घरे आणि कचेऱ्या भाड्याने गेल्या. शेजारी न्यायालय असल्याने वकिलांची दालने पुष्कळ. इथे एक गंमत पाहा. भिंतींवर भार नसल्यामुळे आतली जागा हवी तशी विभागता येते, हा सांगाड्याचा गुण. तोच गुण इमारतीच्या मुळावर आला. हवे तिथे आडोसे, हवे तिथे मोऱ्या, प्रत्येक मोरीची गळती लोखंडावर. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. भाडेकरूला ती परवडत नाही.

जून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील धोक्यात आलेल्या शंभर स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला. त्यामागे प्रसिद्ध वास्तुकार रेन्झो पियानो यांचा आग्रह होता. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै रोजी भर पावसाळ्यात, सज्जांचा भाग कोसळून एक माणूस मेला आणि काही जखमी झाले. यादीतल्या नावाने गंजाला थोपवले नाही. २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली, आणि वारसा-संवर्धन करणाऱ्यांनी त्याला हरकत घेतली.

मला इथे कोणाला दोष द्यायचा नाही. खाली रस्त्यावरून माणसे चालत असतात, त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा थट्टेचा नाही. पण वाद दोन मोजपट्ट्यांत अडकतो. एक मोजपट्टी म्हणते, ‘ही पहिली, म्हणून हात लावू नका.’ दुसरी म्हणते, ‘दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाहून जास्त, म्हणून पाडा.’ दोन्हींनी इमारत एक अखंड वस्तू मानली आहे. ती तशी नाही.

८. तिसरा विचार

या इमारतीचे ऐतिहासिक महत्त्व, माझ्या मते, तिच्या जोडांत आहे. ती सुट्या भागांची इमारत आहे. जी वस्तू पेट्यांतून आली आणि जोडली गेली, तिच्याबाबत ‘ठेवा की पाडा’ हे दोनच पर्याय नसतात. ती उलगडता येते. खराब भाग बदलून, बरे भाग तपासून पुन्हा जोडता येते. ही कल्पना नवी नाही. क्रिस्टल पॅलेस हाइड पार्कमधून उलगडून १८५४ मध्ये सिडनहॅमला पुन्हा उभा राहिला. ज्या अभियंत्याने त्या पॅलेसचे आराखडे हाताळले, त्याचीच ही इमारत. तिचा गुणधर्म ओळखला, तर जतनाचा मार्ग त्या गुणधर्मातूनच निघतो.

हे सोपे आहे असे नाही. जुने बीड ठिसूळ असते. गंजाने धरलेले बोल्ट सोडवताना भाग तुटू शकतात. पोकळ खांब ओतताना साच्यातला गाभा सरकला असेल, तर एका बाजूची जाडी कमी भरते. ओतकामात हवेचे पोकळ खळगे राहिलेले असू शकतात. म्हणून प्रत्येक खांबाची जाडी ध्वनिलहरींनी मोजावी लागेल, जोड उघडून पाहावे लागतील, नमुने घेऊन धातूची परीक्षा करावी लागेल. आपण वर्गात शिकतो ती आयएस ८०० ही संहिता पोलादासाठी आहे. तिची गृहीतके बिडाला जशीच्या तशी लावता येणार नाहीत. खर्चही मोठा असेल. पण तो खर्च कशावर होतो आहे ते निदान स्पष्ट असेल : एका बिरुदावर नव्हे, तर शंभर वर्षे पुढे चाललेल्या बांधकामपद्धतीच्या प्रत्यक्ष पुराव्यावर. हा पुरावा उलगडताना जी नोंद होईल, ती शिकागोला १९३१ मध्ये पाडताना मिळाली. आपल्याला ती न पाडता मिळू शकते.

९. समारोप

मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला आज मी असे उत्तर देईन : नाही, पहिली आहे म्हणून वाचवायची नाही. शीअरनेसची आधीची आहे हे मान्य करूनही वाचवायची. कारण भिंतीने भार सोडला आणि सांगाड्याने उचलला, हे आपल्या देशात डोळ्यांनी पाहता येईल अशा जागा फार थोड्या आहेत. आणि ती वाचवायची असेल, तर तिला मूर्तीसारखी न पुजता यंत्रासारखी उघडून दुरुस्त करायची.

छायाचित्राखालचे वाक्य मी बदलले आहे. आता तिथे एवढेच असते : “भार कुठून कुठे जातो, ते दाखवा.”

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील एखादी जुनी दुकानाची किंवा गोदामाची इमारत निवडा. तिच्यातली भिंत भार वाहते की केवळ आडोसा देते, हे बाहेरून कशावरून ओळखाल?

२. ‘पहिली’, ‘सर्वांत जुनी’, ‘एकमेव’ अशा एखाद्या दाव्यातील विशेषणे एकेक करून काढा. दावा कुठे ढासळतो?

३. जुन्या रेल्वे स्थानकाच्या छताखालचे खांब पाहा. ते बिडाचे आहेत की पोलादाचे, आणि तुळईशी त्यांचा जोड कसा केला आहे, याचे रेखाचित्र काढा.

४. दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाहून जास्त येत असेल, तर कोणत्या परिस्थितीत दुरुस्तीच योग्य ठरेल? सुरक्षेची जबाबदारी लक्षात घेऊन उत्तर लिहा.